दर शनिवारी रात्री चित्रपट अडकतो आणि गेमचा पिंग वाढतो: कारणाचा शोध आणि उपाय

आमच्या घरी शनिवारची रात्र ठरलेली असते. जेवणे आटोपली की साडेआठच्या सुमारास दोन्ही मुले, माझे पती आणि सासूबाई हॉलमध्ये जमतात आणि एक चित्रपट सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला जातो. मुले झोपल्यावर, पावणेअकरा ते बारा हा वेळ माझा असतो. त्या वेळात मी नागपूरचा मामेभाऊ आणि सिंगापूरला राहणारी धाकटी बहीण यांच्याबरोबर ऑनलाइन गेम खेळते. आठवड्याचे पाच दिवस नोकरी, डबे, शाळेची बस आणि गृहपाठ यांत सरतात, त्यामुळे हे साडेतीन तास आमच्यासाठी फार मोलाचे आहेत, आणि तेच सलग पाच महिने बिघडत राहिले म्हणून मी या प्रश्नाच्या मुळापर्यंत गेले. ज्यांच्या घरी असेच घडते त्यांना पाच महिने लागू नयेत, यासाठी ते सारे क्रमाने लिहीत आहे.

लक्षणे अशी होती. नऊच्या आसपास पडद्यावरचे चित्र अचानक पुसट होई, चेहऱ्यांच्या जागी चौकोन दिसू लागत आणि काही मिनिटांनी मधोमध गोल चकरी फिरत राही. गेममध्ये एरवी पुण्याहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंतचा पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, १० ते १२ मिलिसेकंद असतो. शनिवारी तो ३५० ते ४०० वर जाई, आमचे खेळाडू एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारल्यासारखे दिसत आणि बहिणीचा आवाज तुटत असे. रविवारी सकाळी मात्र सर्व काही सुरळीत असे. तक्रार नोंदवली की नेटवाला माणूस कामाच्या दिवशी सकाळी अकराला येई, फोनवर स्पीड टेस्ट करी आणि ९८ एमबीपीएसचा (सेकंदाला ९८ मेगाबिट) आकडा दाखवून निघून जाई. त्याची त्यात काही चूक नव्हती, कारण सकाळी अकराला बिघाड अस्तित्वातच नसायचा.

पहिली गोष्ट आम्ही केली ती म्हणजे प्लॅन ५० वरून १०० एमबीपीएसचा घेतला. त्याने शनिवारच्या रात्रीत काडीचाही फरक पडला नाही, आणि का पडला नाही हे आता स्पष्ट आहे. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार १०८० पिक्सेलच्या चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे होतात. गेमला तर त्याहून कितीतरी कमी लागते, कारण खेळताना खेळाडूंच्या हालचालींची छोटी छोटी पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, तेवढी ये-जा करतात; चित्रे आणि आवाज आधीच आपल्या यंत्रात उतरवलेले असतात. ज्या घरात एक टीव्ही आणि एक गेम चालतो, तिथे ५० एमबीपीएस कमी पडण्याचे कारणच नाही. कमी पडत होते ते दुसरेच काहीतरी, आणि स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात ते दिसत नव्हते.

बिघाड कोठे आहे हे आधी ठरवा

उपाय करण्यापूर्वी उशीर नेमका कोणत्या टप्प्यावर होतो हे मोजणे आवश्यक आहे, आणि ही मोजणी बिघाड चालू असतानाच केली पाहिजे. चित्रपट थांबवून उठणे जिवावर येते, पण दहा मिनिटांचे हे काम एकदाच करायचे असते. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या तीन खिडक्या उघडाव्यात. प्रत्येकीत इंग्रजी लिपीत ‘पिंग’ हा शब्द, मग मोकळी जागा, मग पत्ता, पुन्हा मोकळी जागा आणि शेवटी वजाचिन्ह व ‘टी’ हे अक्षर लिहिले की थांबवेपर्यंत दर सेकंदाला एक आकडा येत राहतो. पहिल्या खिडकीत आपल्या राउटरचा पत्ता द्यावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसऱ्या खिडकीत राउटरच्या पलीकडचा पहिला टप्पा, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीचे यंत्र. ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्यासह चालवल्यावर येणाऱ्या यादीतील दुसऱ्या ओळीत त्याचा पत्ता मिळतो. काही यंत्रे उत्तर देत नाहीत. तसे झाल्यास तिसऱ्या ओळीतील पत्ता घ्यावा. तिसऱ्या खिडकीत बाहेरचे एखादे कायम जागे असलेले ठिकाण, जसे ८.८.८.८, द्यावे.

आता तिन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. पहिल्याच खिडकीत आकडे मोठे किंवा वरखाली होत असतील, तर दोष घरातील वाय-फायचा आहे. पहिली खिडकी शांत आणि दुसरीपासून पुढे आकडे चढलेले असतील, तर दोष राउटर आणि कंपनी यांच्यामधील वाटेवर आहे. पहिल्या दोन्ही शांत आणि तिसरीच चढलेली असेल, तर अडचण आपल्या हाताबाहेर, पुढे कोठेतरी आहे.

आमच्याकडे एका शनिवारी रात्री ९ वाजून २० मिनिटांनी पहिल्या खिडकीत २ ते ५, दुसरीत ३४० ते ४१० आणि तिसरीत ३५० ते ४२० मिलिसेकंद अशी नोंद मिळाली. याचा अर्थ वाय-फाय ठीक होते आणि गाडी घराच्या उंबऱ्यावर अडत होती. मी लगेच कंपनीला दोष देणार होते, पण त्याआधी एक कसोटी बाकी होती: या लॅपटॉपखेरीज घरातील सर्व उपकरणे बंद केल्यावर दुसऱ्या खिडकीतील आकडा उतरतो का? तो उतरला, थेट ६ वर आला. वाट मोकळीच होती. आमच्याच घरातले काहीतरी ती भरून टाकत होते.

इथे माझी एक चूक झाली, ती आपण टाळावी. मी एकेक उपकरण बंद करून आकडा उतरतो का ते पाहत गेले. पतींचा फोन फ्लाइट मोडवर टाकला, फरक पडला नाही, म्हणून तो निर्दोष ठरवून पुन्हा चालू केला. माझा फोन बंद केला, तरी फरक नाही. दोन उपकरणे एकाच वेळी वाट भरत असतील, तर एक बंद केल्याने काहीच सुधारत नाही, कारण दुसरे मोकळी झालेली जागा लगेच व्यापते. म्हणून उलट दिशेने जावे: आधी सर्व बंद करावे आणि मग एकेक चालू करत आकडा कधी चढतो ते पाहावे. तसे केल्यावर दोन मिनिटांत उत्तर मिळाले. आमचे दोघांचेही फोन, प्रत्येकी स्वतंत्रपणे, आकडा ३००च्या पुढे नेत होते.

शनिवारच का, आणि रात्रीच का

शनिवारी सकाळी मुलाचा क्रिकेटचा सराव सामना असतो आणि दुपारी मुलीचा कथकचा वर्ग. आम्ही दोघेही आपापल्या फोनवर भरपूर चित्रण करतो. फोटोंच्या अ‍ॅपला मोबाइल डेटावर बॅकअप घेण्याची परवानगी नसल्यामुळे दिवसभराचे व्हिडिओ फोनमध्येच पडून राहतात, आणि संध्याकाळी घरी येऊन फोन वाय-फायला जोडला गेला की ते सारे एकदम वर चढू लागतात. ४के चित्रणाला मिनिटाला साधारण १७० मेगाबाइट धरले, तर दोन्ही फोनांत मिळून दीड तासाचे चित्रण १५ गिगाबाइटच्या घरात जाते. आमच्या जोडणीचा अपलोडचा वेग २० एमबीपीएस आहे. एका बाइटचे ८ बिट, म्हणून १५ गिगाबाइट म्हणजे १ लाख २० हजार मेगाबिट. ते २० च्या वेगाने जायला ६००० सेकंद, म्हणजे १०० मिनिटे लागतात, आणि प्रत्यक्षात पूर्ण वेग सतत मिळत नसल्याने हे काम अकराच्या पुढे लांबते. प्लॅन वाढवताना डाउनलोड दुप्पट झाला, अपलोड मात्र २० वरच राहिला होता.

अपलोड भरला म्हणून गेम का अडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. राउटरला जेवढे बाहेर पाठवता येते त्याहून अधिक पॅकेट फोनांकडून आली, की उरलेली तो आपल्या स्मृतीत रांगेने उभी करतो. ही रांग जितकी लांब, तितका तिच्या टोकाला उभ्या असलेल्या पॅकेटला उशीर. १ मेगाबाइटची रांग २० एमबीपीएसच्या वाटेवरून संपायला ०.४ सेकंद, म्हणजे ४०० मिलिसेकंद लागतात, आणि आमच्या खिडकीत दिसणारा आकडा जवळजवळ तोच होता. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने बोरघाट चढताना मालाच्या ट्रकांमागे एखादी मोटारसायकल अडकावी, तसे गेमचे चिमुकले पॅकेट व्हिडिओच्या शेकडो पॅकेटांमागे अडकते. रस्ता तुटलेला नसतो, वाहतूकही चालू असते, फक्त पुढे जायला जागा नसते.

चित्रपट तर आपण उतरवून घेत असतो. तो का बिघडावा, असा प्रश्न माझ्या पतींनी विचारला, आणि तो रास्त होता. टीव्हीकडे मजकुराचा एकेक हप्ता आला की टीव्हीने तो मिळाल्याची पोच उलट पाठवायची असते. ती पोचही त्याच बाहेर जाणाऱ्या रांगेत, ट्रकांच्या मागे उभी राहते. पोच वेळेवर मिळाली नाही की पाठवणारा सर्व्हर हात आखडता घेतो, टीव्हीवरील अ‍ॅपला वाटते की जोडणी मंदावली आहे, आणि ते आपणहून खालच्या दर्जाचे चित्र मागू लागते. चेहऱ्यांचे चौकोन होत होते ते याच कारणाने.

या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस या अभियंत्याने २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर त्याचा छडा लावून त्याला हे नाव दिले. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२मध्ये ‘कोडेल’ ही त्यावरची पद्धत मांडली: रांगेत किती पॅकेट आहेत हे न मोजता प्रत्येक पॅकेट किती वेळ थांबले ते मोजायचे, आणि ही प्रतीक्षा ५ मिलिसेकंदांच्या वर रेंगाळू लागली की काही पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला सावकाश होण्याची सूचना द्यायची. पुढे ‘एफक्यू-कोडेल’ आणि ‘केक’ या तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या, ज्या प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतात. मोटारसायकलला स्वतःची मार्गिका मिळते ती इथे.

आम्ही काय केले

पहिल्याच आठवड्यात, एक रुपयाही खर्च न करता, दोन्ही फोनांवरील बॅकअप शनिवारी संध्याकाळी थांबवून ठेवला आणि झोपण्यापूर्वी चालू केला. त्या रात्री पाच महिन्यांत प्रथमच चित्रपट एकदाही न अडकता पूर्ण झाला. आपल्याला हा उपाय झेपत असेल तर इथेच थांबायलाही हरकत नाही. पण आठवणीवर अवलंबून असलेली व्यवस्था आमच्यासारख्या घरात टिकत नाही. तिसऱ्या शनिवारी आम्ही दोघेही विसरलो.

कायमचा उपाय राउटरमध्ये आहे. त्याच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ (कोणत्या वाहतुकीला आधी जाऊ द्यायचे ते ठरवणारी सोय) किंवा ‘एसक्यूएम’ (वर सांगितलेल्या एफक्यू-कोडेल किंवा केकसारख्या पद्धतीने रांग आवरणारी सोय) असा विभाग आहे का ते पाहावे. एसक्यूएम असेल तर उत्तम. त्यात डाउनलोड आणि अपलोडचे आकडे भरावे लागतात, आणि ते प्लॅनवर छापलेले नव्हे, तर लॅन केबल लावून स्वतः मोजलेले असावेत, तेही सुमारे १० टक्के कमी करून. आम्ही ९० आणि १८ भरले. थोडा वेग हातचा सोडणे अनेकांच्या मनाला पटत नाही, परंतु त्यामागचा तर्क पक्का आहे: आपला राउटर वाटेपेक्षा किंचित सावकाश पाठवू लागला की रांग कंपनीच्या यंत्रात साचण्याऐवजी आपल्या राउटरात राहते, आणि जी रांग आपल्या हातात आहे तिलाच शिस्त लावता येते.

कंपनीने दिलेल्या बऱ्याच राउटरांत ही सोय नसते. आमच्यातही नव्हती. अशा वेळी ‘ओपनडब्ल्यूआरटी’ ही मुक्त प्रणाली चालवू शकणारा वेगळा राउटर घ्यावा आणि कंपनीचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचे काम न करता जोडणी फक्त पुढे देईल असा, ठेवून घ्यावा. हे काम कंपनीच्या माणसाकडूनच करवून घेतलेले बरे, कारण जोडणीचे नाव आणि पासवर्ड नव्या राउटरात भरावे लागतात. हे सारे नको असेल, तर मधला मार्ग आहे. अनेक साध्या राउटरांत प्रत्येक उपकरणाला वेगाची मर्यादा घालता येते. दोन्ही फोनांना अपलोडसाठी प्रत्येकी ६ एमबीपीएसची मर्यादा घातली, तर २० पैकी ८ गेमसाठी आणि टीव्हीच्या पोचांसाठी शिल्लक राहतात. बॅकअप सावकाश होईल, पण सकाळपर्यंत होईल, आणि रात्री त्याची घाई कोणालाच नसते.

आता शनिवारी बॅकअप चालू असतानाही आमच्या दुसऱ्या खिडकीत ९ ते १८ मिलिसेकंद दिसतात.

दुसरा बिघाड, जो पहिल्यासारखाच दिसत होता

एवढे झाल्यावरही एका शनिवारी चित्रपट अडकला. चकरी फिरू लागली तेव्हा मुलगी स्वयंपाकघरातून ओरडली, “आई, अजून दोन मिनिटं थांबा, पॉपकॉर्न होतायत.” तो पॉपकॉर्नचा दुसरा वाडगा होता, आणि मला आठवले की पहिल्या वाडग्याच्या वेळीही चित्र थबकले होते. तिन्ही खिडक्या उघडून मायक्रोवेव्ह रिकामा न ठेवता त्यात पाण्याचा पेला ठेवून चालू केला. यावेळी पहिलीच खिडकी, राउटरपर्यंतची, ३ वरून ६० ते २५० अशी उसळू लागली आणि मधूनमधून उत्तरच येईना. मायक्रोवेव्हचे बटण बंद करताच आकडा ३ वर आला.

मायक्रोवेव्ह ओव्हन सुमारे २.४५ गिगाहर्ट्झवर काम करतो आणि जुन्या पद्धतीचे वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. ओव्हनच्या दाराभोवतून निसटणारा अल्पसा अंश आरोग्याला घातक नसतो, पण त्याच पट्ट्यातील वाय-फायला तो गोंगाटासारखा असतो. आमचा टीव्ही २.४ वर जोडलेला होता आणि राउटर व ओव्हन एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होते. टीव्ही ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडल्यावर हा त्रास थांबला. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर टीव्ही स्वतः निवड करतो आणि ती कित्येकदा २.४ ची करतो. म्हणून नावे वेगळी ठेवावीत. ५ गिगाहर्ट्झ भिंतीमागे लवकर क्षीण होते, तेव्हा राउटर चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नये, उघड्यावर आणि उंचावर ठेवावा. ज्यांना २.४ वरच राहणे भाग आहे त्यांनी १, ६ आणि ११ यांपैकी ज्या चॅनेलवर शेजाऱ्यांची गर्दी कमी आहे ते निवडावे, कारण हे तिघेच एकमेकांवर चढत नाहीत. सोसायटीच्या एकाच मजल्यावर दहा-बारा राउटर असतात तिथे हा फरक जाणवतो.

तरीही टीव्ही आणि गेमचे यंत्र यांना शक्य असेल तर लॅन केबलच द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंतीच्या कडेने पंधरा मीटर केबल नेण्यात आमची एक दुपार गेली आणि पहिल्या खिडकीतील आकडा कायमचा १ च्या खाली गेला. बऱ्याच टीव्हींचे लॅनचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असते, पण ४के चित्रपटाला ते पुरून उरते.

नेटचा दोष नसलेल्या दोन गोष्टी

पिंग १२ असूनही टीव्हीवर गेम खेळताना बटण दाबल्यावर हालचाल उशिरा होत असेल, तर दोष टीव्हीतील चित्र गुळगुळीत करणाऱ्या प्रक्रियेचा असतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करावा. चित्रपटाच्या वेळी तो बंद केला तरी चालतो.

दुसरे, आमच्या गटाची प्रमुख बहीण असली की गेम कधीकधी सिंगापूरचा सर्व्हर निवडतो आणि माझा व नागपूरच्या भावाचा पिंग एकदम ७० च्या आसपास जातो. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर हे अंतर ३९०० किलोमीटर धरले, तर सरळ रेषेत जाऊन परत यायलाच ३९ मिलिसेकंद लागतात, आणि केबल सरळ रेषेत नसतात. राउटरची कोणतीही सेटिंग हे कमी करू शकत नाही. गटप्रमुख भारतातील माणसाने व्हावे आणि खेळ सुरू करण्यापूर्वी सर्व्हरचे नाव पाहून घ्यावे. बहिणीला तेवढा पिंग आता सोसावा लागतो, म्हणून आम्ही एक फेरी तिकडच्या सर्व्हरवरही खेळतो.

घरातील सर्व उपकरणे बंद असताना, केबल लावूनही, रोज रात्री नऊ ते अकरा दुसरी खिडकी चढलेली दिसत असेल, तर मात्र दोष कंपनीच्या बाजूचा आहे. तेव्हा सलग तीन रात्रींचे आकडे वेळेसह लिहून तक्रारीत द्यावेत आणि स्पीड टेस्टऐवजी याच आकड्यांवर बोलावे. ओएनटीच्या, म्हणजे फायबरची तार ज्याला जोडलेली असते त्या कंपनीच्या, डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरची तार सोफ्यामागे दुमडलेली तर नाही ना, हे आधी पाहावे. तसे काही नसेल तर येणाऱ्या माणसाकडून प्रकाशाची पातळी मोजून घ्यावी. ती उणे २७ डीबीएमच्या जवळ किंवा त्याखाली गेलेली असेल, तर जोड पुन्हा करून मागावा.

राहिला प्रश्न वीज जाण्याचा. वीज गेली की इन्व्हर्टर क्षणार्धात सुरू होतो, पण तेवढ्या क्षणातही आमचा राउटर बंद पडून पुन्हा चालू व्हायला तीन मिनिटे घेत असे, आणि तेवढ्यात गेममधून बाहेर फेकले जायला होई. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मधे लावल्यावर ते थांबले. घेताना दोन्ही अडॅप्टरांवरील व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्यावेत, आणि राउटरबरोबर ओएनटीलाही त्यातूनच वीज मिळेल असे पाहावे. आम्ही आधी एकट्या राउटरलाच जोडला होता, त्यामुळे वाय-फाय चालू दिसे आणि नेट मात्र बंद असे.

राउटरची प्रणाली अद्ययावत झाली किंवा प्लॅन बदलला की एसक्यूएमचे आकडे पुन्हा मोजून भरावे लागतात. गेल्या महिन्यात अपडेटनंतर ते पुसले गेले होते आणि शनिवारी नऊ वाजता चित्र पुन्हा पुसट झाले. यावेळी तिन्ही खिडक्या उघडून कारण सापडायला चार मिनिटे लागली, आणि मुलांनी तोवर चित्रपट थांबवून ठेवला होता.